तोरणमाळचा मावळता विंचू

कोजागिरी उलटली की मला घरात बसवत नाही. चंद्र रोज उशिरा उगवायला लागतो, पावसानं हवा धुऊन काढलेली असते आणि अंधार पडल्या पडल्या तासभर, फार तर दीड तास, आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग नैर्ऋत्येला उभा असतो. तो एकदा मावळला की पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं, तेही आधी पहाटे उठून. यंदा पुण्यात त्या आठवड्यात ढगच ढग होते. रोज संध्याकाळी कॅमेरा घेऊन गच्चीवर जायचं, हवामानाचं अ‍ॅप बघायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. नवरा म्हणाला, "एकदाची जाऊन ये कुठंतरी, तुझ्यामुळे मलाही झोप येत नाही."

मग दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हेमंत. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा गावी, तापीकाठी, आमची शेती तोच बघतो. केळी आणि कापूस. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गच्चीवर गाद्या टाकून झोपायचो. आकाशातलं जे काही मला पहिल्यांदा कळलं, ते त्यानं बोट धरून दाखवलेलं.

"दादा, तोरणमाळला जाऊया? दोनच दिवस."

त्यानं आधी कापसाचं रडगाणं सांगितलं. मग म्हणाला, "सांजले जानं पडी का?"

"आकाशगंगा दुपारी दिसते का?"

"चाल मंग," म्हणाला. पण ते 'चाल' त्याच्या नेहमीच्या आवाजातलं नव्हतं.

पुण्याहून शहाद्याला रात्रीच्या झोपायच्या गाड्या आहेत. दिवाळीच्या तोंडावर भाडं वाढतं, त्यामुळे तिकीट आधीच काढून ठेवा. धुळ्यापर्यंत रस्ता मख्खन, पुढे दोंडाईच्यावरून सारंगखेड्याला तापी ओलांडेपर्यंत मात्र झोपेची आशा सोडा. मला तशीही झोप नव्हती. गाडीनं शहाद्याच्या स्टँडवर अंधारातच उतरवलं. "न्यायला येतो" म्हणालेला दादा आला तो लख्ख उजाडल्यावर. तोवर मी दोन चहा पिऊन, धुळ्याच्या गाडीसाठी भांडणाऱ्या कॉलेजच्या मुलींचं भांडण ऐकून, कॅमेऱ्याची बॅग तीनदा उघडून बंद केली होती.

घरी पोचले तर वहिनी चुलीपुढे होती. कल्पनावहिनी दादाशी लग्न करून आली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आमचं गूळपीठ. भरतासाठी वांगी भाजता भाजता तिनं माझ्या मोबाईलवरचं चित्र बघितलं.

"ताई, ही चकलीसारखी गोल गोल शे, तिना फोटू काढशात का तुम्ही?"

मी हसले. तो फोटो नव्हेच, कुणीतरी काढलेलं चित्र आहे, म्हटलं. आपल्या आकाशगंगेच्या बाहेर जाऊन तिचा फोटो अजून कुणी काढलेला नाही, काढताही येणार नाही. आपण त्या चकलीच्या आतच आहोत. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात, ऐन गर्दीत उभं राहिलं तर बाजार केवढा आहे ते कळतं का? चहूकडे नुसता डोक्यांचा पट्टा दिसतो, आणि बाजाराचा मधला भाग जिकडे असेल तिकडे तो पट्टा दाट. आकाशगंगेचं तेच. तबकडीच्या आत बसून कडेकडेनं बघायचं, म्हणून ती आपल्याला पट्ट्यासारखी दिसते.

"म्हनजे घरमा बशीसन घरना फोटू," वहिनी म्हणाली. मग दाराकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "ताई, घरनी गोट निंघनी म्हनीसन सांगस. तुमना भाऊ पेवाले लागना शे."

मी सोलायला घेतलेलं वांगं हातात तसंच राहिलं. दादा आणि दारू? आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही.

"वास येतो?"

"वास नही येस. पन दिन बुडना का पाय लडखडतस. उंबराले ठेचातस, बादलीले ठेचातस. लगीनले चाला म्हनं का नही म्हनतस. गावमधला लोके म्हनतस, हेमंत आते मोठा व्हई गया, रामराम बी घेस नही." तिनं पदरानं डोळे पुसले, धूरही होताच. "मी इचारं का भांडतस. तुम्ही इचारा त्यास्ले."

आकाशगंगेच्या सहलीवर निघालेली मी, आणि गळ्यात हे पडलं. त्या दिवशी दुपारभर मी दादाकडे चोरून बघत होते. तो केळीच्या घडांबद्दल बोलत होता, ठिबकच्या नळ्या तपासत होता, चालणं सरळ, बोलणं सरळ. एकदा तर मी त्याच्या गाडीत सीटखाली हात घालून बघितला. रुमाल आणि पान्हा सापडला.

संध्याकाळी सरावासाठी म्हणून तापीच्या घाटावर गेलो. मंदिरांच्या मागं सूर्य बुडाला, नदी आधी तांबूस आणि मग शिशासारखी झाली. जागा सुंदर आहे, एकदा बसाच. पण फोटोसाठी नको. घाटावर दिवे, पलीकडे रस्त्याचे दिवे, पाण्यावरून उठणारी वाफ. त्या सगळ्यात आकाशगंगा म्हणजे कुणीतरी पुसलेल्या पाटीवरचा खडू. दादा गाडीतून उतरलाच नाही. "डास शेत," म्हणाला.

परत येताना गाडी तोच चालवत होता, बैलगाडीच्या वेगानं. गावाच्या अलीकडे कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागं लाल दिवा नाही. मला ती चांगली लांबून दिसली. मला वाटलं, आता वेग कमी करेल. आता करेल.

"दादा!"

त्यानं ब्रेक मारला. ट्रॉलीबाहेर लोंबणारा कापूस काचेला टेकला होता.

"दिवा लावतस नही भडवा," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे झुकले आणि श्वास आत घेतला. बडीशेपेचा वास. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळीच गाडी काढली. वहिनीनं दादर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला गाडीत बसावंसं वाटेना.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. स्वतःच्या गाडीनं दोन तास धरा. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. स्टँडवर आदल्या दिवशी विचारून घ्या. पेट्रोल शहाद्यातच भरा. राणीपूरच्या पुढं कापूस संपतो आणि सागाचं रान लागतं. घाट वळणावळणाचा, रस्ता मधूनच उत्तम, मधूनच खडी. वाटेत पोरीबाळी सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. डोळे मोठे झालेली घ्या, त्याच दिवशी खाता येतात. दिवसाउजेडी दादानं घाट असा चढवला की मला माझीच लाज वाटली. हा माणूस दारुडा?

तोरणमाळ म्हणजे सातपुड्याच्या डोक्यावरचं पठार, मध्ये मोठा तलाव. महाबळेश्वरची गर्दी डोक्यात ठेवून जाऊ नका. इथं चार दुकानं आहेत आणि तीही मनात आलं तर उघडी. आम्ही मोगीबाईंकडे उतरलो. घरामागं दोन खोल्या काढून त्या पाहुण्यांची सोय करतात. खोली हजाराच्या आत, जेवण वेगळं, गरम पाणी चुलीवरचं. घरात त्यांची पावरी बोली, आमच्याशी हिंदी-मराठीची भेळ.

"रात को बाहर काय बघनार?" त्यांनी विचारलं.

"तारे."

"ते तर रोज असतात," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

दुपारी सीताखाईची दरी बघितली. कडा सरळ तुटलेला आहे, कठड्याच्या आतच उभे राहा. मी दरीपेक्षा आकाशाकडेच जास्त बघत होते, कारण पश्चिमेकडून ढग चढत होते. ढग, दादा, वहिनी, पुन्हा ढग. दादाला विचारायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भलतंच काहीतरी विचारलं. सूर्य टेकायला लागला तसे ढग विरळ झाले आणि मी ट्रायपॉड उचलला.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं. तलावापासून जरा लांब, नैर्ऋत्येला उघडी असलेली जागा दिवसाच हेरून ठेवा. तलावाजवळ लेन्सवर दव धरतं. मी लेन्सभोवती लोकरी पायमोजा गुंडाळते. रुंद लेन्स, आयएसओ बत्तीसशे, अठरा-वीस सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर पृथ्वी फिरते आणि तारे रेघा होतात. फोकस हातानं, एखाद्या ठळक ताऱ्यावर. बॅटरीला लाल कागद लावा. आणि अंधारात डोळ्यांना वीस मिनिटं द्या. मोबाईल बघितलात की वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

अंधार झाला. आम्ही माळावर होतो. दादा येताना माझ्या बॅगेचा पट्टा धरून चालत होता. मला वाटलं, वजन घेतोय. आणि मग ती दिसायला लागली. आधी शंका, मग धूर, मग क्षितिजापासून थेट डोक्यावरून पलीकडे गेलेला फिकट, फाटका पट्टा. मी घाईघाईनं पहिला फोटो लावला. ढग पुन्हा येतील, दव धरेल, मावळून जाईल.

दादा माझ्या मागं उभा होता.

"सुने, भारी दिखी ऱ्हायनं," तो म्हणाला. हाक लहानपणीचीच, आवाज जरा मोठाच. "तो देख विंचू. वर ई ऱ्हायना. नांगी आजून जमीनमा शे, आन मांगे बठी गंगा."

मी वळले. आकाशाच्या उजेडात त्याचा लांब केलेला हात दिसत होता. तो पूर्वेला होता, टेकडीकडे.

वृश्चिक राशीचा तो विंचू माझ्या पाठीमागं होता, नैर्ऋत्येला. डोकं खाली घालून मावळत होता, नांगी वर. पूर्वेच्या टेकडीवर आकाशगंगेतलं काहीसुद्धा नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करतोय. मग आमची गच्ची आठवली. मे महिना, गाद्या, पूर्वेकडून वर येणारा विंचू, अगदी याच शब्दांत. तो समोरचं बघत नव्हता. तो आठवून सांगत होता.

"दादा," मी म्हटलं, "हे उन्हाळ्यातलं आकाश आहे."

त्याचा हात हळूहळू खाली आला.

"तुला आत्ता काय दिसतंय? खरं सांग."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"माले तू बी दिखस नही, सुने," तो म्हणाला.

आम्ही तिथंच दगडांवर बसलो. मग तो बोलत गेला, तुटक तुटक. चार-पाच वर्षं झाली होती. आधी तारे गेले. त्याला वाटलं, धूळ असेल, हवा खराब असेल. मग संध्याकाळी माणसांचे चेहरे गेले. मग दिवस बुडाला की जमीनच जायला लागली. दिवसा शेतात सगळं ठीक. म्हणून तो सगळी कामं दिवसात उरकायचा, लग्नाच्या वरातींना जायचा नाही, संध्याकाळी ओट्यावर बसायचा नाही. मला न्यायला उजाडेपर्यंत का आला नाही, तेही मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर?"

"नही."

"का पण?"

"मामा," तो म्हणाला.

दोंडाईच्याचे आमचे मामा. त्यांचीही आधी रात्र गेली, मग दिवस गेला. शेवटची कितीतरी वर्षं ते घरासमोर खाटेवर बसून असायचे आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्यांच्यापुढे थांबून एकच खेळ खेळायचा: "मामा, वळखा बरं मी कोन?" मामा हसायचे, नाव सांगायचे, चुकायचे. मग लोक हसायचे.

"माले त्या खाटवर बसानं नही," दादा म्हणाला. "डॉक्टरनी सांगं का मंग ते खरं व्हई जाई."

"वहिनीला वाटतंय तू पितोस."

तो हसला. खरंच हसला. "माले म्हाईत शे. वाटू दे. पेनारा सुधरी जास, आसं तरी वाटस लोकेस्ले."

मला रडूही येईना. राग येत होता. ट्रॉलीचा, त्या खेळाचा, त्याचा, आणि हे सगळं होत असताना वर नुसत्या पसरलेल्या त्या पट्ट्याचा. मी उठून कॅमेरा आणला, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

त्यानं डोकं इकडून तिकडे हलवलं, खिडकीच्या फटीतून बघावं तसं. मग थांबला.

"हाई आत्तेना शे?"

"आत्ताचं. तुझ्यासमोरचं."

"ह्या लाल, पिवया... तुले आसंच दिखस का?"

"नाही रे. मला नुसता राखाडी धूर दिसतो. रंग कुणालाच दिसत नाहीत. डोळा क्षणाक्षणाचा उजेड बघतो आणि सोडून देतो. कॅमेरा वीस सेकंद साठवत बसतो."

तो पडद्याच्या आणखी जवळ गेला. "मधमा हाऊ काया पट्टा कसाना?"

"धूळ. मागं तारे आहेत, पण धुळीनं झाकलेत. आपण आत असल्यामुळे धुळीतूनच बघावं लागतं."

"हं," तो म्हणाला. थोड्या वेळानं: "आजून एक काढ."

मी काढला. मग आणखी एक, कॅमेरा जरा वर करून. मग थेट डोक्यावरचा. प्रत्येक वेळी शटर बंद होईपर्यंत तो लहान मुलासारखा ताटकळायचा आणि मग पडदा मागायचा. विंचवाचं डोकं झाडांत गेलं, नांगी उरली, मग तीही गेली. मी तो सगळा वेळ फोटो चांगला येतोय की नाही, हे एकदाही तपासलं नाही.

"मे मा ये," मध्येच तो म्हणाला. "तवय मन्ह सांगनं बराबर निंघी."

परतताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. उघडपणे. मोगीबाईंच्या दारात उंबरा आला तेव्हा मी "पायरी" म्हटलं आणि तो "हां" म्हणाला. जेवणात तुरीची डाळ, मिरचीची चटणी आणि मक्याची भाकरी होती. तो तीन भाकरी जेवला. मला एकही धड गेली नाही, आणि झोप तर नाहीच. मामा माझेही मामा होते. खिडकीतून कृत्तिकेचा पुंजका दिसत होता. मी त्यातले तारे वेगवेगळे दिसतात का, ते बघत होते. दिसत होते. त्यानं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

सकाळी गाडीपाशी आलो तर दादानं किल्ली माझ्यापुढे धरली. दिवसा घाट उतरवायला त्याला काही अडचण नव्हती. मी किल्ली घेतली. राणीपूरपर्यंत तो नुसता बाहेर बघत होता, नंतर "दुसरा टाक, दुसरा," म्हणून माझ्या गिअरवर ओरडायला लागला.

घरी वहिनी अंगणात कापूस निवडत होती. दादा तिच्यासमोर बसला आणि त्यानं स्वतःच सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे आपटला.

"पाच वरीस!" ती म्हणाली. "पाच वरीस मी तुमना खिसा हुंगी ऱ्हायनू! देवले नवस बोलनू का यास्नी दारू सुटू दे!" मग तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिला रडू आलं. दादा खाली मान घालून बसला होता. मी बाहेर केळीत जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात त्याला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मामांचंच दुखणं, घराण्यातून आलेलं. रात्र गेली ती परत येणार नाही, बाजूची नजरही कमी झालीय. समोरचं, दिवसाचं, बरीच वर्षं टिकू शकेल, पण खात्री कुणी देत नाही. गाडी चालवणं बंद. हे ऐकताना दादा डॉक्टरांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "चाल, मिसळ खाऊ." पुण्यात मीही डोळे तपासून घेतले. माझे तूर्त ठीक आहेत. दर वर्षी दाखवायला सांगितलंय.

तोरणमाळचे फोटो संगणकावर उघडले तेव्हा कळलं, निम्म्यांत फोकस जरासा हललेला आहे. एरवी मी चिडले असते, पुढच्या अमावास्येला पुन्हा पळाले असते. तुम्ही जरूर जा. ऑक्टोबरात संध्याकाळी, नाहीतर मार्चमध्ये पहाटे. माझ्या फोटोंपेक्षा चांगले मिळतील. मला तिथून जे मिळालं, ते चौकटीत बसवता येत नाही आणि त्याचं काय करायचं, तेही अजून नीटसं कळलेलं नाही. काही संध्याकाळी उगीचच दादाला फोन लावते आणि केळीचा भाव विचारते.

दिवाळीआधी वहिनीचा फोन आला. अंगणात दिवा लावायचा होता. दार, उंबरा, गोठा, सगळं दिसेल असा. "ताई, तुम्हले त्यामधलं कळस. कोनता लिऊ?"

मला कळतं खरं. आमच्या सोसायटीतला गच्चीवरचा झगझगीत दिवा काढायला लावण्यासाठी मी दोन वर्षं भांडले आहे. खाली तोंड असलेले, मंद, पिवळे दिवे लावा, म्हणून मी जगाला सांगत फिरते.

"सगळ्यात मोठा घे," मी म्हटलं. "पांढरा, शंभर वॅटचा. एक नको, दोन घे. एक फाटकावर लाव, एक गोठ्यावर."

पाडव्याच्या संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा मागं फटाके वाजत होते. "गोठापावत जाईसन वनू," तो म्हणाला. "एकला."

वहिनीनं फोटो पाठवलाय. अंगण दिवसासारखं उजळलेलं, दादा मधोमध उभा, आणि वर आकाश म्हणून नुसता काळा कागद. अंगणालगतच्या ज्या गच्चीवर मी पहिला तारा ओळखला, तिथून आता एकही दिसत नाही. ते दिवे विझवायला मी कधीही सांगणार नाही.